सॅक्सोफोनची मान

सांगली, गणपती पेठ
६ जानेवारी २०२५

उदयसिंह,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. अकरा वर्षांनी लिहितोय, पण ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. कामाचं सांगतो. तुझ्या सॅक्सोफोनची मान सापडली आहे.

तू म्हणशील, माझा सॅक्स उंब्रजला पेटीत बंद आहे, मान त्याच्याबरोबरच आहे, हा काय बरळतोय? गड्या, ती मान तुझी नाही. माउथपीस आणि धड यांच्यामधली ती वाकडी नळी २०१३ पासून तुझ्याकडं दुसऱ्याची आहे, आणि तुझी दुसऱ्याकडं.

शनिवारी धारवाडहून गिरिजाताई म्हणून एक बाई दुकानात आल्या. कॉलेजात शिकवतात. त्यांचे वडील चन्नप्पा मास्तर देवळांतून, लग्नांतून सॅक्स वाजवायचे, कर्नाटकी पद्धतीनं. गेल्या श्रावणात वारले. त्यांचा सॅक्स विकायचा आहे आणि पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे. पण ते गिऱ्हाईक म्हणतं, सांगलीच्या बाहुबली मगदुमांनी तपासून ‘चांगला’ म्हटला तरच घेईन. माझ्या शब्दाला अजून असं वजन आहे. तुला हे आवडणार नाही, पण आहे.

पेटी उघडली. सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स, सहा आकडी नंबर, म्हणजे त्या मॉडेलच्या शेवटच्या वर्षांतला. हाच सॅक्स मी २०१३ साली खोलून त्यात नवे पॅड घातले होते. त्याच आठवड्यात तुझाही टेबलावर होता. तुझाही मार्क सिक्सच, पण पाच आकडी, सुरुवातीच्या वर्षांतला.

मी वाजवून बघितला. खालचा एक सूर काढला आणि थांबलो. सहा आकडी सॅक्स असा बोलत नाही. तो उजळ बोलतो, पुढं धावतो. हा छातीतून बोलत होता, आटवलेल्या दुधासारखा. मान उपसून खिडकीपाशी नेली. पोटाखाली, सांध्यापासून दोन बोटांवर, एक पुसट सावली होती. पोचा काढल्यावर पितळेवर राहते ती. कराडच्या वरातीत घोडं बिथरलं होतं, तेव्हाचा तो पोचा. मीच काढलेला. माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही?

तर चूक माझी. दोन्ही मानांवर नंबर कोरलेला नव्हता, बूच बदलताना शेजारी शेजारी ठेवल्या, आणि फिरल्या. मला हे परवा कळलं. सॅक्स घेऊन ये. पाच मिनिटांचं काम आहे.

बाहुबली

ता. क. ‘सॅक्स ठणठणीत आहे, तुझा दम गेलाय’ असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते मागं घेतो.


सांगली
२३ जानेवारी २०२५

उदयसिंह,

पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा, ‘घेण्यास नकार’. ठीक. हे पत्र आणि ते, दोन्ही क्रांतीच्या कराडच्या पत्त्यावर पाठवतोय. तुझी लेक असली तरी माझ्याही अंगाखांद्यावर वाढली आहे. ती तुला वाचून दाखवील. तिला नकार देऊन दाखव.

तुझा हट्ट मला नवा नाही. २०१९ च्या पुरात या दुकानात छातीभर पाणी होतं. तू उंब्रजहून पाण्याच्या बाटल्यांचा टेंपो घेऊन आलास आणि चौकात कुणाला तरी विचारलंस, “बाहुबली हाय का?” तो म्हणाला, “हाय की, वरच्या मजल्यावर हाय.” तसाच टेंपो वळवून गेलास. मी खिडकीतून बघत होतो.

आता इथली हकीकत. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे शंभूराज, तिशी-पस्तिशीचा, कंप्युटरवर काम करणारा. घरात अकरा जुने सॅक्स आहेत म्हणे. रविवारी आला, गिरिजाताईही आल्या होत्या. मी आधी त्याचीच परीक्षा घेतली.

“काका, मार्क सिक्स म्हणजे राजा,” तो म्हणाला. “पण पाच आकडी असेल तर दीडपट किंमत. वरचा लॅकरचा थर मूळचा हवा. नव्यानं लॅकर मारला की किंमत पडली. आणि मान मूळचीच हवी.”

मी म्हणालो, “किंमत पाठ आहे तुझी. हात पुढं कर.” त्याच्या हातात माझा कॉन या अमेरिकन कंपनीचा सॅक्स दिला, माझ्या वडिलांच्या वयाचा. तुला माहीत आहे त्याची बटणं कशी आहेत, करंगळीला कुस्ती खेळावी लागते. पण एकदा भात्यात वारा भरला की उघड्या रस्त्यावर ढोलताशाच्या वरून आवाज जातो. मग मार्क सेव्हन दिला. बटणं ऐसपैस, तुझ्या पंजासारख्या पंजाला बरी. बाजारात त्याला भाव कमी, कारण तो सिक्स नाही. एवढाच त्याचा गुन्हा. पोरगं मन लावून वाजवत होतं. मला आवडलं ते.

शेवटी चन्नप्पा मास्तरांचा सॅक्स उचलला. चार सूर वाजवले आणि डोळे मोठे केले. “काका! सहा आकडी असून पाच आकडीसारखा वाजतोय! हे कुणाला माहीतच नाही!”

उदय, त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर सगळ्यांचं भलं होतं. गिरिजाताईंना मनासारखी किंमत, त्याला मनासारखा सॅक्स, मला मनासारखं नाव. तुझी मान पुण्याला गेली असती, आणि तू तर माझं पत्रही घेत नव्हतास.

मी म्हणालो, “थांब. त्याची मान त्याची नाही. मी अदलाबदल केली आहे.”

त्यानं सॅक्स गरम भांडं ठेवावं तसा टेबलावर ठेवला. “म्हणजे मूळचा नाही हा.” सॅक्स तोच, आवाज तोच, मिनिटभरापूर्वी त्याचे डोळे मोठे झाले होते ते त्याच आवाजानं. मध्ये फक्त मी एक वाक्य बोललो होतो. तो विचार करून सांगतो म्हणाला आणि पुण्याच्या गाडीला गेला.

गिरिजाताई बसून राहिल्या. मला वाटलं सौदा मोडला म्हणून रागावल्या असतील. त्या वेगळंच बोलल्या. “मगदूमकाका, आप्पांचा शेवटच्या दहा वर्षांतला आवाज सगळीकडं नावाजला गेला. लोक म्हणायचे, म्हातारपणी गळा गोड झाला मास्तरांचा. तो आवाज मग आप्पांचा नव्हताच का?”

त्यांनी पेटी बंद केली, विचार करते म्हणाल्या, आणि ती घेऊन धारवाडला गेल्या. मान पेटीतच आहे. ती मी मागून घेणार, हे लिहून देतो.

बाहुबली


सांगली
११ फेब्रुवारी २०२५

उदयसिंह,

क्रांतीचा फोन आला. म्हणाली, “काका, आबांनी दोन्ही पत्रं ऐकली. मग म्हणाले, ‘बाहुबलीनं अजून खरं लिवल्यालं न्हाई.’ एवढंच बोलले आणि रानात गेले.”

माझी लेक चंदना दोन दिवस विचारतेय, अण्णा, तब्येत बरी नाही का. पलटणीच्या बँडात तीस वर्षं सूर ऐकलेला माणूस तू. कागदावरचा बेसूरही तुला कळणारच.

तर खरं लिहितो. एकदाच लिहीन, नीट ऐक.

२०१३ च्या नोव्हेंबरात तुझ्या धडावर मान बसवताना ती मला ढिली लागली. वर्षानुवर्षं एकाच भोकात फिरलेली नळी एका आठवड्यात ढिली होत नसते. हाताला तेव्हाच कळलं होतं. मी त्या हाताचं ऐकलं नाही. हत्यारानं नळीचं तोंड जरा फुगवलं, घट्ट केली आणि तुला देऊन टाकली.

डिसेंबरात तू आलास. ज्योतिबा बसला होता, ज्याच्या बँडात तू पेन्शनीत निघाल्यावर वाजवायचास तो. त्याची पाच माणसंही होती. तू म्हणालास, “बाहुबली, मधला सूर अडतोय रं. दुप्पट फुकावं लागतंय.” मी सॅक्स हातातसुद्धा घेतला नाही. घ्यायची भीती वाटली, असं आज म्हणतो. तेव्हा मी म्हणालो, “सॅक्स ठणठणीत आहे. तुझा दम गेलाय. साठी आली, आता सॅक्स सोड आणि भजनात टाळ धर.” सहाही जण हसले. तूही हसलास.

इथपर्यंत ती चूक होती, असं धरू. पुढचं चूक नाही.

जानेवारीत चन्नप्पा मास्तरांचा धारवाडहून फोन आला. “बाहुबली, काय जादू केलीत हो? माझा सॅक्स जन्मात असा बोलला नव्हता!” फोन कानाला होता आणि मला सगळं लख्ख दिसलं. ढिली मान, तुझा अडलेला सूर, त्यांचा मोकळा झालेला सूर. क्रांतीच्या लग्नाला तेव्हा पाच आठवडे होते. धारवाडला सकाळी निघालो असतो तर रात्रीच्या जेवणाला घरी परत आलो असतो.

मी म्हणालो, “तुमची कृपा आहे, मास्तर.”

का म्हणालो, हे मी अकरा वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं. मास्तरांचं मन कसं मोडायचं, लग्नाच्या गडबडीत तुला कशाला त्रास द्यायचा, असलं काहीबाही. खरं कारण एकच आहे. मगदूम चुकत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते म्हणणं मला तुझ्यापेक्षा जवळचं वाटलं. त्या फोननंतर धारवाड, हुबळी, बेळगावची माणसं यायला लागली. मास्तरांचा सॅक्स ज्यानं बोलता केला तो कारागीर कोण, म्हणून. आज माझं जे नाव आहे ते तुझ्या मानेवर उभं राहिलं आहे.

आणि लग्न. मी होतो तिथं. वरात निघताना तू फेटा बांधलेला, सॅक्स गळ्यात घातलास आणि म्हणालास, लेकीला मीच वाजवत वेशीपर्यंत पोचवणार. पलटणीतली ती संथ चाल सुरू केलीस. दुसऱ्या ओळीत सूर फाटला. पुन्हा घेतलास, पुन्हा फाटला. तू माउथपीस उपरण्यानं पुसलास, सॅक्स उतरवलास आणि गर्दीत कुणाला तरी शोधायला लागलास. मला शोधत होतास. मी चपला शोधायला खाली वाकलो.

माझ्या चपला पायातच होत्या, उदय.

आता हे खरं आहे. यापुढं तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी मान परत मिळवायला निघालोय, तू येवो न येवो.

बाहुबली


सांगली
९ मार्च २०२५

उदयसिंह,

गेल्या रविवारी तू आणि गिरिजाताई दुकानात होता तेव्हा मी फार बोललो नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं चंदनानं पहिल्यांदाच बघितलं म्हणे. बोलायचं राहिलं ते आता लिहितो.

धारवाडला मी स्वतः गेलो होतो, हे तुला क्रांतीनं सांगितलंच असेल. मान मागायला गेलो, पण आधी गिरिजाताईंना सगळं सांगितलं. ‘तुमची कृपा’सकट. त्यांनी शांतपणे ऐकलं, आतून पाणी आणून दिलं आणि एकच अट घातली. “ज्यांची मान त्यांना देते. पण त्यांनी एकदा माझ्यासमोर वाजवावं. आप्पांच्यात त्यांचं किती होतं, ते मला कळू दे.” मी मनात म्हटलं, संपलं. अकरा वर्षांत पेटी न उघडलेला माणूस, तो परक्या बाईसमोर कशाला वाजवील? पण मी क्रांतीला निरोप दिला, आणि तू रविवारी अकराच्या गाडीनं उतरलास. पेटी हातात, अंगात पलटणीचा कोट.

मला रामराम घातला नाहीस. “बाई कुठं हायत?” एवढंच म्हणालास.

तू मान बसवलीस तेव्हा मी बघत होतो. अर्धा वेढा दिलास आणि ती जागच्या जागी बसली, ना जोर, ना सैल. तुझ्या हातानंही ओळखलं, कारण तू क्षणभर डोळे मिटलेस. मग वाजवलंस. चार ओळी वाजवून थांबलास, श्वास घेतलास, पुन्हा चार ओळी. मी हजारो सॅक्स वाजवून बघितलेत, आणि सांगतो, आवाज जसा होता तसा आहे. ओळी आखूड झाल्यात. आवाज नाही.

गिरिजाताईंनी पदर तोंडाला लावला होता. “हाच,” म्हणाल्या. “आप्पांचा हाच आवाज.”

तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू उठलास, त्यांच्या वडिलांचा सॅक्स घेतलास, तुझ्याकडची अकरा वर्षांची ती दुसरी मान पुसून, मी तिचं फुगवलेलं तोंड पुन्हा आवळून दिल्यावर, त्यावर चढवलीस आणि तोही वाजवलास. उजळ, धारदार, थोडा उतावळा. त्यांनी पदर खाली घेतला. “हा तर माझ्या शाळेतला आवाज! आप्पा सकाळी अंगणात बसायचे, आम्ही वेण्या घालून घ्यायचो, तेव्हाचा. हा मी विसरूनच गेले होते.” मग त्या रडल्या, आणि हसल्याही. मला जे धारवाडात सुचलं नाही, सांगलीत सुचलं नाही, ते उत्तर तू न बोलता दिलंस.

त्या सॅक्स विकणार नाहीत. शंभूराजला मीच कळवलं. तो म्हणतो, “काका, आता तर मूळची मान बसली, किंमत वाढली की!” मी म्हटलं, “वाढली, म्हणूनच विकत नाहीत.” त्याला ते कळलं नाही, पण कळेल, पोरगं वाजवणारं आहे. त्यानं माझी गोष्ट सॅक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. हुबळीच्या दोघांनी त्यांचे सॅक्स परत नेले. नेऊ देत. माझे हात आहेत तिथंच आहेत आणि आता मी त्यांचं ऐकतो. त्या दोघांचे सॅक्स वर्षभरात परत इथंच येतील.

क्रांती म्हणते, तू सकाळी गोठ्यामागं उभा राहून एकच सूर धरतोस, दहा मिनिटं. बरोबर करतोयस. घाईनं ओळी लांबवायला जाऊ नकोस. खालून वर चढ.

आता शेवटचं. मी ते वाक्य सहा माणसांसमोर बोललो होतो. त्यातले दोघं आता नाहीत. उरलेल्या चौघांकडं मी या आठवड्यात गेलो. तिघांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. त्यातल्या एकानं शिव्या दिल्या, त्या घेतल्या. काल म्हसवडला ज्योतिबाकडं गेलो. सिद्धनाथाच्या देवळामागं राहतो, कानानं कमी ऐकतो, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारची माणसं गोळा झाली, त्यांनीही ऐकलं. सगळं झाल्यावर ज्योतिबा म्हणाला, “मग उदयसिंहाला सांगितलंस का न्हाई?”

“सांगितलं.”

“काय म्हनला?”

तू पेटी बंद करताना, गिरिजाताई बाहेर रिक्षा बघत होत्या तेव्हा, माझ्याकडं पहिल्यांदा बघून जे बोललास ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. आधीच्या तिघांनाही तेच सांगितलं होतं. इथंही लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागं कुणी हा कागद उघडला तर मगदूम चुकत नाही असं त्याला वाटायला नको.

“दम आता खरंच कमी झालाय, बाहुबली. पर तू म्हनलास तवा झाला न्हवता.”

खाली सही करतोय.

बाहुबली आदगोंडा मगदूम